कॅम्पर ट्रेलरला सहा गॅलनचा हीटर पुरतो: फिरत्या सल्ल्याचा हिशेब

अमेरिकेत कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायला निघालेल्या आपल्या मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो. थोडक्यात तो असा: "माणशी अडीच गॅलन गरम पाणी धरा. चौघं असाल तर दहा गॅलनचा हीटर हवाच, सहा गॅलनवाला ट्रेलर बघूही नका. आणि खर्च करायची तयारी असेल तर सरळ टँकलेस, म्हणजे टाकीविना हीटर, बसवा. पाणी कधी संपत नाही, शिवाय गॅस वाचतो." हे ऐकून लोक हलका, परवडणारा, बाकी सगळ्या बाबतीत मनासारखा ट्रेलर नाकारतात, नाहीतर घेतल्या घेतल्या चांगला चालता हीटर काढून टाकतात. मला याचं वाईट वाटतं, कारण साधा हिशेब मांडला तर हा सल्ला फार थोड्या लोकांना लागू पडतो.

"माणशी अडीच गॅलन गरम पाणी धरा."

टाकीतलं पाणी आपण जसंच्या तसं अंगावर घेत नाही. या हीटरांत पाणी साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, आंघोळीला लागतं ते ४० अंशांच्या आसपास. मधला फरक विसणाने भरून निघतो. टाकीत ६० अंशांचं आणि नळाला १५ अंशांचं पाणी असेल, तर एक लिटर कढत पाण्यात ८०० मिलिलिटर विसण जातं. सहा गॅलन म्हणजे जवळजवळ २३ लिटर. पाणी काढू लागलं की खालून गार पाणी शिरतं, म्हणून पूर्ण तापलेलं १८ लिटरच धरू. विसण घालून त्याचं ३२ लिटर आंघोळीचं पाणी होतं, म्हणजे १६ लिटरच्या दोन बादल्या. कडाक्याच्या थंडीत, नळाचं पाणी ५ अंशांवर असताना, हाच आकडा २८ लिटरवर येतो.

हे ३२ लिटर किती वेळ पुरतात ते शॉवरहेड ठरवतं. अमेरिकेत शॉवरहेडला मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटरची कमाल मर्यादा आहे. तसं घरगुती शॉवरहेड असेल तर साडेतीन मिनिटांत खेळ आटोपतो. दीड गॅलनवालं लावलं तर साडेपाच मिनिटं मिळतात. अंग भिजवून पाणी बंद, साबण लावून झाला की पुन्हा सुरू, अशी आंघोळ केली तर पाणी प्रत्यक्ष वाहतं दोनच मिनिटं आणि माणशी १२ लिटरही लागत नाहीत. बादली-तांब्यावर वाढलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये. जवळजवळ तिघांच्या आंघोळी एका तापवणीत होतात. हीटरऐवजी आधी शॉवरहेड बदला, असं मी प्रत्येकाला सांगतो.

"चौघांना दहा गॅलन हवेच."

इथे सल्ला देणारे टाकी पाहतात, बर्नर पाहत नाहीत. सहा गॅलनच्या नेहमीच्या हीटरचा गॅस बर्नर तासाला १२,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप), म्हणजे साडेतीन किलोवॅटचा असतो. त्यातली पाऊण उष्णता पाण्यात उतरते असं धरलं, तरी पूर्ण गार टाकी अर्ध्या तासात तापते. गॅसबरोबर विजेवर चालणारा हीटर असेल तर त्यात १,४४० वॅटचं एलिमेंटही असतं. दोन्ही एकदम लावले की वीस मिनिटांच्या आत काम होतं. नुसत्या विजेवर मात्र पाऊण तासाहून जास्त लागतो. हे तापणं आंघोळ चालू असतानाही थांबत नाही. एक जण अंग पुसून, कपडे घालून त्या एवढ्याशा न्हाणीघरातून बाहेर पडेपर्यंत पुढच्याच्या पाण्याची बरीच सोय झालेली असते.

दहा गॅलनच्या अनेक मॉडेलांत बर्नर तेवढ्याच ताकदीचा असतो. म्हणजे संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर पहिल्या आंघोळीसाठी अर्ध्याऐवजी पाऊण तास थांबायचं, वर १५ लिटर पाण्याचं जास्तीचं वजन कायम ओढायचं. शिवाय ट्रेलरच्या भिंतीतलं भोकही मोठं करावं लागतं. युरोपातल्या कॅरव्हॅनमध्ये ट्रूमा कंपनीचा कॉम्बी हीटर सर्रास दिसतो. त्याची टाकी अवघी १० लिटरची, तीन गॅलनसुद्धा नाही. तिकडच्या बऱ्याच तळांवर सार्वजनिक न्हाणीघरं असतात हे खरं, पण अमेरिकेतल्या हुकअपच्या, म्हणजे पाणी-वीज-सांडपाण्याची जोडणी देणाऱ्या, बऱ्याच तळांवरही ती असतातच.

"मोठी टाकी म्हणजे जास्त आंघोळी."

या विधानाशी माझं सगळ्यात मोठं भांडण आहे. वापरलेलं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. सांडपाणी साठवणारी ग्रे टाकी लहान आणि मध्यम ट्रेलरांत बहुधा ३० गॅलनच्या आसपास असते, म्हणजे ११३ लिटर. चौघांनी १२ लिटरमध्ये आंघोळी उरकल्या तर ४८ लिटर, भांडी आणि हातधुणं मिळून आणखी १५-२०. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी भरत आली म्हणून समजा. आता दहा गॅलनचा हीटर आहे म्हणून घरच्यासारखा सात मिनिटं मोकळा शॉवर घेतला, तर एका माणसाचेच ६६ लिटर होतात. दोघांच्या आंघोळीत ग्रे टाकी ओसंडते आणि उरलेल्या दोघांसाठी कितीही गरम पाणी असलं तरी सोडता येत नाही. ताज्या पाण्याची टाकीही त्याच वेगाने रिकामी होते.

आपली कुटुंबं ट्रेलर घेऊन जातात कुठे? पहिलं नाव बहुतेक वेळा यलोस्टोनचं किंवा योसेमिटीचं निघतं. यलोस्टोनच्या हद्दीत पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी मिळते ती फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये. योसेमिटीच्या आतल्या कॅम्पग्राउंडवर तर हुकअप नाहीतच. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला ट्रेलर व्हिलेजमध्ये हुकअप आहेत, पण त्याच्या शेजारच्या मेदर कॅम्पग्राउंडवर नाहीत. राष्ट्रीय उद्यानांत सांडपाणी जमिनीवर सोडायला मनाई आहे, आणि असायलाच हवी. अशा ठिकाणी आंघोळींची संख्या ग्रे टाकी ठरवते. ट्रेलर बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला हीटरच्या आधी दोन आकडे विचारा: ताजं पाणी किती गॅलन आणि ग्रे किती गॅलन. ग्रे टाकी ३० गॅलनची असेल तर दहा गॅलनच्या हीटरचा फायदा तुम्हाला जोडणीच्या जागेवरच मिळेल.

"टँकलेसमध्ये पाणी कधी संपत नाही."

संपत नाही हे खरं, पण ते किती गरम असेल? टाकीविना हीटरला वाहत्या पाण्याला त्याच क्षणी तापवायचं असतं. ४२,००० बीटीयूचं यंत्र घ्या. ८० टक्के उष्णता पाण्यात गेली तर मिनिटाला ५.७ लिटर, म्हणजे दीड गॅलन पाणी ते सुमारे २५ अंशांनी तापवू शकतं. फ्लोरिडात नळाचं पाणी मुळातच वीसच्या वर असतं, तिथे उत्तम. कोलोरॅडोच्या डोंगरात ऑक्टोबरमध्ये ७ अंशांचं पाणी आलं, तर शॉवरमधून पडेल ३२ अंशांचं, धड गरम नाही आणि धड गार नाही. ६०,००० बीटीयूच्या यंत्रातून तेच पाणी ४२ अंशांचं येतं, त्यावर छान आंघोळ होते; पण शॉवरहेड साडेनऊ लिटरवालं असेल तर तेही २८ अंशांवर अडकतं.

दुसरी अडचण रोजच्या वापरातली. पाणी वाचवायला आपण मध्येच शॉवर बंद करतो. टँकलेस त्याबरोबर विझतो. पुन्हा सुरू केला की बर्नर पेटेपर्यंत नळीत शिरलेलं गार पाणी अंगावर येतं. मग लोक पाणी बंद करणंच सोडतात, आणि ग्रे टाकीचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. प्रवाह फार कमी असेल तर काही यंत्रं पेटतच नाहीत, म्हणजे काटकसरीचं शॉवरहेड लावणाऱ्याचीच पंचाईत.

"टँकलेस गॅस वाचवतो."

एक लिटर पाणी तापवायला जितकी उष्णता लागते तितकी दोन्हीकडे लागतेच. वाचते ती टाकी दिवसभर गरम ठेवण्यात जाणारी उष्णता, आणि ती वाचवायला भिंतीवरचं बटण पुरेसं आहे: आंघोळीच्या अर्धा तास आधी चालू, नंतर बंद. २० पौंडी सिलिंडरमध्ये सुमारे ४ लाख ३० हजार बीटीयू असतात. सहा गॅलनची गार टाकी एकदा तापवायला साडेपाच हजारांच्या आसपास लागतात, म्हणजे एका सिलिंडरमध्ये पाऊणशेहून जास्त वेळा. गॅस खरा खातो फर्नेस, म्हणजे ट्रेलरमधली हवा गरम करणारं यंत्र. २५,००० बीटीयूचा फर्नेस तासभर जळला की चार-साडेचार तापवण्यांचा गॅस गेला. थंडीत गॅस पुरवायचा असेल तर आधी खिडक्यांच्या आणि दाराच्या फटी बुजवा.

काही जण तर घरगुती विजेचा टँकलेस बसवायला सांगतात. ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टला सगळे मिळून ३,६०० वॅट मिळतात. दीड गॅलनचा प्रवाह २५ अंशांनी तापवायला जवळपास १०,००० वॅट लागतात. हे होणारच नाही. टाकीतलं १,४४० वॅटचं एलिमेंटसुद्धा १२ अँपिअर ओढतं; त्यावर एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो.

दहा गॅलन कुणी घ्यावा? महिनोन्‌महिने पूर्ण जोडणीच्या जागी राहणाऱ्यांनी, ज्यांच्या ट्रेलरमध्ये बाळाला न्हाऊ घालायचा टब आहे त्यांनी, आणि चौघांनाही सकाळी एकापाठोपाठ तयार होऊन बाहेर पडावं लागतं अशांनी. त्यांना तो जरूर उपयोगी आहे.

बाकीच्यांपैकी ज्यांना सहा गॅलन कमी पडताहेत असं वाटतं, त्यांनी हीटर बदलण्याआधी दोन जागा तपासाव्यात. हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून हीटरला वगळणारा बायपास व्हॉल्व्ह फिरवतात; तो वसंतात अर्धवट उघडा राहिला तर गार पाणी थेट गरम नळीत मिसळत राहतं. दुसरी जागा ट्रेलरच्या बाहेरच्या शॉवरची. त्याचे दोन्ही नळ उघडे ठेवून नुसतं शॉवरहेडवरचं बटण बंद केलं असेल, तर तिथेही गार आणि गरम पाणी आतल्या आत एक होतं, आणि आतला शॉवर मिनिटाभरात कोमट होतो. बायपास पूर्ण बंद करा, बाहेरचे दोन्ही नळ घट्ट फिरवा, अर्धा तास थांबा आणि मग बादली लावून पाणी मोजा.