तिप्पट मोठं जहाज आणि वास्को द गामाची डायरी

वास्को द गामावरचा एक फॉरवर्ड अधूनमधून पुन्हा फिरू लागतो. सारांश असा: झांजिबारला गामाला चंदन नावाचा गुजराती व्यापारी भेटला, त्याचं जहाज गामाच्या जहाजाच्या तिप्पट होतं, त्याच्यामागून गामा भारतात पोचला, गामाला स्वतःला काहीच येत नव्हतं, हे गामानेच डायरीत लिहिलंय आणि इतिहासकारांनी ते आपल्यापासून लपवलं.

आधी डायरी. गामाने स्वतः लिहिलेली डायरी आज उपलब्धच नाही. पहिल्या सफरीचा जो रोजनामा हाती आहे तो ताफ्यातल्या दुसऱ्याच कुणाचा. बरेच अभ्यासक आल्व्हारो व्हेल्यो हे नाव घेतात. तो 1838 मध्ये छापला गेला. छापून लपवण्याची ही पद्धत नवीनच म्हणायची.

झांजिबारही चुकलं. जाताना ताफा मोझांबिक, मोंबासा करत एप्रिल 1498 मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीला लागला. झांजिबारचं नाव रोजनाम्यात येतं ते परतीच्या वाटेवर.

आता चंदनशेठ. या नावाचा व्यापारी रोजनाम्यात नाही, तिप्पट जहाजही नाही. मात्र मालिंदीच्या बंदरात भारतीयांची चार जहाजं उभी होती, ही नोंद आहे. पोर्तुगीज त्यांना ख्रिस्ती समजले आणि वर लिहून ठेवलं की हे लोक गोमांस खात नाहीत! ‘ख्राईस्ट, ख्राईस्ट’ असा ओरडा ऐकल्याचंही लिहिलंय. तो ‘कृष्ण’ असावा असा अंदाज पुढे अनेकांनी केला.

गामा कुणाच्या मागून आला नाही, वाटाड्या त्याच्याच जहाजावर होता. तोही सहज मिळाला नाही: मालिंदीच्या राजाचा माणूस अडकवून ठेवला, तेव्हा कुठे राजाने वाटाड्या धाडला. रोजनाम्यात त्याचं नाव नाही. पुढे 16व्या शतकात बारुश हा पोर्तुगीज बखरकार त्याला ‘मालेमो काना’, गुजरातचा मुसलमान म्हणतो. (तो अरब नाखवा इब्न माजिद होता, ही आणखी एक लाडकी समजूत, आजचे बहुतेक अभ्यासक ती मानत नाहीत.) बारुश सांगतो, गामाने आपलं लाकडी अ‍ॅस्ट्रोलेब (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र) मोठ्या ऐटीत दाखवलं तर या मालमाला, म्हणजे वाटाड्याला, काहीच नवल वाटलं नाही. आम्ही तीन फळ्यांचं साधन वापरतो, म्हणाला, आणि भारताच्या किनाऱ्याचा नकाशा समोर पसरला. हा प्रसंग सोडून लोक तिप्पट जहाजाला का कवटाळतात, कळत नाही.

वाटाड्याकडची मोसमी वाऱ्यांची माहिती काय मोलाची होती, ते तारखाच सांगतात. 24 एप्रिलला निघालेला ताफा 20 मे रोजी कालिकतजवळ नांगरला. परतताना मोसम न पाहता ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळचं अंजदीव बेट सोडलं, तेव्हा तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. सुमारे 30 माणसं मेली आणि पुढे माणसं पुरेनात म्हणून ताफ्यातलं ‘साव राफाएल’ हे जहाज जाळून टाकावं लागलं.

राहिला मुद्दा गामाला काहीच येत नव्हतं, हा. केप व्हर्दे बेटांपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत तीन महिने जमीन न दिसता अटलांटिकमधून मोठा वळसा घेत ताफा त्याने आणला होता. तिथे कुठलाही गुजराती मालम नव्हता. तेव्हा दर्यावर्दी म्हणून त्याला हिणवून उपयोग नाही. हिशेब मागायचाच तर 1502 चा मागावा: दुसऱ्या सफरीत मलबारजवळ त्याने मक्केहून परतणारं ‘मिरी’ हे यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं. ते पोर्तुगीजांनीच लिहून ठेवलंय.