‘नादारीचा अर्ज टाका, कर्ज विसरा’: त्या फॉरवर्डमधल्या एकेका वाक्याचा समाचार

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवलाय. त्यातले चार माझे अशील, दोन शेजारी आणि एक माझा सख्खा मेव्हणा. मजकूर थोडक्यात असा: “कर्जबाजारी बांधवांनो, घाबरू नका! २०१६ च्या नव्या कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिवाळखोर होण्याचा हक्क दिलाय. स्टॅम्पवर नोटरी करून बँकेला द्या. त्या दिवसापासून सगळी कर्जं माफ. वसुलीवाले येणार नाहीत, चेकच्या केसेस बंद. घर आधी बायकोच्या नावावर करून घ्या. जामीनदारही मोकळा. कुणाला कळतसुद्धा नाही.” खाली एक मोबाईल नंबर आणि ‘फाईल तयार करून मिळेल, फक्त १५ हजार’.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं बघतो. नादारीचे, म्हणजे ‘देणी फेडायची ऐपत नाही, मला दिवाळखोर ठरवा’ असे अर्ज आमच्याकडे क्वचित येतात, पण मेसेज वाचून येणारी माणसं हल्ली बरीच आहेत. म्हणून एकेक वाक्य घेतो.

“२०१६ च्या नव्या कायद्याने प्रत्येक नागरिकाला...”

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ ची, हे खरं. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी आणि भागीदारी पेढ्यांसाठी तरतुदी आहेत, हेही खरं. पण कायदा संमत होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. हा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी, म्हणजे मुख्यत्वे प्रवर्तक आणि संचालक मंडळींसाठी. तुमच्या-माझ्यासारख्याला, किराणावाल्याला, शिक्षकाला, रिक्षावाल्याला तो अजून लागूच केलेला नाही.

मग आपल्याला काय लागू? इंग्रजांच्या काळचे दोन कायदे. मुंबईत १९०९ चा, ज्याचं काम उच्च न्यायालयात चालतं आणि मालमत्ता ‘ऑफिशियल असाइनी’ या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, ज्याचं काम जिल्हा न्यायालयाकडे. हे दोन्ही रद्द करणारं कलम नव्या संहितेत आहे, पण तेही अजून कपाटातच.

नव्या संहितेत ‘नवी सुरुवात’ नावाचं एक प्रकरण आहे, त्यात खरोखरच कर्जातून मुक्तता सांगितली आहे. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेच कुठेतरी वाचलं असावं. अटी ऐका: वार्षिक उत्पन्न ६०,००० पेक्षा जास्त नको, मालमत्ता २०,००० पेक्षा जास्त नको, कर्ज ३५,००० पेक्षा जास्त नको आणि स्वतःच्या मालकीचं घर नको. ३५ हजारांत हल्ली एक बरासा मोबाईल येतो. आणि हे प्रकरणसुद्धा सुरू झालेलं नाही.

“स्टॅम्पवर नोटरी करून बँकेला द्या”

मेसेजमधलं सगळ्यात धोकादायक वाक्य हे आहे, आणि लोकांना सगळ्यात निरुपद्रवी तेच वाटतं.

नोटरीपुढे सही करून कुणी दिवाळखोर होत नाही. तो दर्जा कोर्टाच्या आदेशाने मिळतो. पण १९२० च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये ‘नादारीची कृत्यं’ म्हणून एक यादी आहे. ‘मी देणी देणं थांबवलंय किंवा थांबवणार आहे’ अशी सूचना एखाद्या धनकोला, म्हणजे ज्याचं देणं आहे त्याला, देणं, हे त्यातलं एक. म्हणजे त्या कागदाने तुम्हाला संरक्षण तर शून्य, उलट धनकोला तीन महिन्यांच्या आत तुमच्याविरुद्ध नादारीचा अर्ज करायला तुम्हीच सही-शिक्क्यानिशी कारण पुरवलं. धनकोच्या अर्जासाठी लागणारी किमान रक्कम किती? ५०० रुपये. १९२० पासून तेवढीच.

“त्या दिवसापासून सगळी कर्जं माफ”

खरा क्रम असा. तुम्ही जिल्हा न्यायालयात अर्ज करता. त्यात प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम आणि तुमची एकूण एक मालमत्ता किमतीसह लिहावी लागते, आणि ‘ही सगळी कोर्टाच्या हवाली करायला तयार आहे’ असं म्हणावं लागतं. नोटिसा निघतात, सुनावणी होते, धनको उलटतपास घेतात. देणी फेडायची ऐपत नाही, हे तुम्हाला दाखवावं लागतं. कोर्टाला पटलं तर तुम्ही नादार ठरता. त्या क्षणी तुमची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. तो ती विकून पैसे धनकोंमध्ये वाटतो. मुक्तता मिळेपर्यंत तुमच्या वाट्याला जे काही नवीन येईल, समजा वडिलांच्या पश्चात जमिनीचा हिस्सा, तेही त्यातच जमा.

मग येतो मुक्ततेचा अर्ज. तो कोर्टाने ठरवून दिलेल्या मुदतीत करावा लागतो. केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि धनको पुन्हा मोकळे. केला तरी मिळेलच असं नाही. तुमची मालमत्ता बिनतारण देण्यांच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल (कायद्यात आजही ‘आठ आणे’ हाच शब्द आहे) आणि त्यात तुमचा दोष नाही हे तुम्ही पटवू शकला नाहीत, तर पूर्ण मुक्तता नाकारली जाते. तीन वर्षांचे हिशेब ठेवले नसतील, ऐपत संपल्याचं कळूनही धंदा रेटला असेल, सट्टा, जुगार किंवा उधळपट्टी केली असेल, तरीही तेच. ऑनलाइन गेममध्ये आणि शेअरच्या ऑप्शन्समध्ये पैसे घालवून आलेल्या तरुणांना मी हे कलम मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवतो.

आणि मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं सुटत नाही, मग तो जीएसटी असो वा आयकर. फसवणुकीतून झालेलं देणं सुटत नाही. बायको-मुलांच्या पोटगीच्या आदेशाचं देणं सुटत नाही.

तारण कर्जाचं तर विचारूच नका. गृहकर्ज, सोनं तारण, ट्रॅक्टरवरचं कर्ज, यातल्या धनकोचा तारणावरचा हक्क नादारीने जराही हलत नाही. गृहकर्जाचे हप्ते ९० दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत; मग सरफेसी या तारण-वसुलीच्या कायद्याची ६० दिवसांची नोटीस, मग ताबा. बहुतेकांचं सगळ्यात मोठं कर्ज घराचंच असतं, आणि नेमकं तिथेच हा उपाय निरुपयोगी.

सगळंच काढून घेतात, अशी उलट भीतीही खरी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जे जप्तीतून वगळलंय ते नादारीतही वगळलेलं राहतं: अंगावरचे आणि अंथरायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि राहतं घर, पीएफ, सरकारी पेन्शन, आयुर्विम्याची रक्कम. दुकानदाराचं राहतं घर मात्र या यादीत नाही.

“घर आधी बायकोच्या नावावर करा”

या वाक्यामुळे मी चांगली माणसं अडचणीत आलेली पाहिली आहेत. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला किंवा मुलाला बक्षीस द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. त्यामुळे सल्ला स्वस्त वाटतो. एक गृहस्थ, हार्डवेअरचं दुकान चालवणारे, बक्षीसपत्राचा टाईप केलेला मसुदाच घेऊन माझ्याकडे आले होते. सोबत बायको. ती एक शब्द बोलत नव्हती, फक्त पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती.

कायदा काय म्हणतो ते सांगितलं. नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांत, मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. शिवाय धनकोंना चकवायच्या हेतूने मालमत्ता हलवणं हेच मुळी एक ‘नादारीचं कृत्य’ आहे. मालमत्ता लपवली असं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत तुरुंगाची तरतूद आहे. नादारीचा अर्ज केलाच नाही तरी सुटका नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली धनको स्वतंत्र दावा लावू शकतो. आणि पुढे मुक्ततेचा अर्ज कराल तेव्हा धनकोचा वकील पहिलं काय काढेल, तर हे बक्षीसपत्र, तारखेसह.

तेव्हा बायकोने तोंड उघडलं. विचारलं, “माझ्या नावावर घर आलं तर यांचं कर्ज माझ्या अंगावर येईल का?” सगळ्यात नेमका प्रश्न त्या दिवशी तिनेच विचारला. नवऱ्याचं कर्ज बायकोवर आपोआप येत नाही, ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच येतं. तिचं स्त्रीधन, माहेरहून आलेले दागिने तिचेच. तसंच वडिलांच्या कर्जाचं: वारसांना ते वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतंच भरावं लागतं, स्वतःच्या कमाईतून नाही. पण नवऱ्याचं घर असं फुकटात तिच्या नावावर आलं, की ती प्रतिवादी म्हणून कोर्टात यायची सोय आपणच करतो.

मसुदा त्यांनी तिथेच फाडला.

“जामीनदारही मोकळा”

हे वाचून मी खरंच चिडलो. आपल्याकडे पतसंस्थेचं कर्ज म्हणजे दोन जामीनदार, आणि जामीनदार म्हणजे साडू, मामा, शाळेतला सहकारी. पैशासाठी नव्हे, भिडेखातर सही केलेली माणसं. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आणि १९२० च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की नादाराला मिळालेल्या मुक्ततेने त्याचा जामीनदार किंवा भागीदार मुक्त होत नाही.

व्यवहारात होतं काय, तर कर्जदाराने हात वर केले की पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते. तो दाखला कर्जदार आणि जामीनदार दोघांवर असतो. मग वसुली अधिकारी आधी कुणाकडे जाणार? ज्याचा पगार बँकेत नियमित येतो त्याच्याकडे. जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागायचा हक्क त्याला आहे, पण कर्जदार नादार ठरला की तो बिचारा धनकोंच्या रांगेतला आणखी एक. नादारीचा विचार करत असाल तर वकिलाच्याही आधी जामीनदाराला भेटा. त्याला कोर्टाच्या नोटिशीतून कळू देऊ नका.

“वसुलीवाले येणार नाहीत, चेकच्या केसेस बंद”

अर्धं खरं. नादार ठरल्यावर बिनतारण धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय वसुलीची कारवाई करता येत नाही. अटकेपासून संरक्षण मात्र मागावं लागतं, आणि देणं-न देणं कोर्टाच्या हाती. वसुली एजंटांच्या जाचासाठी तर नादार व्हायची गरजच नाही: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, धमकावू नये, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तेही फुकट.

चेक न वठल्याची कलम १३८ ची केस फौजदारी स्वरूपाची. ती नादारीने थांबत नाही. नव्या संहितेखाली अर्ज करून हमीदारांनी तसा प्रयत्न केला, तेव्हा २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ती केस आपसात मिटवता येते, आणि लोकअदालतीत अशा केसेस नेहमी मिटतात.

तुरुंगाचं म्हणाल तर, निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्येच सांगून ठेवलंय. पैसे असून बुडवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

“कुणाला कळतसुद्धा नाही”

नादारीचा आदेश राजपत्रात छापतात. मुक्तता मिळेपर्यंत कंपनीचा संचालक होता येत नाही, आमदारकी-खासदारकी लढवता येत नाही. आणि १९२० च्या कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे, ‘मी नादार आहे’ हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ५० रुपये! वाण्याकडची किलोभर तूरडाळ वहीत मांडायला सांगताना काळजी घ्यायची.

मग हा मार्ग कुणासाठीच नाही का? आहे. जमीनजुमला नाही, कर्जं बिनतारण आहेत, हिशेब स्वच्छ आहेत, धंदा बुडाला तो आजारपणाने किंवा महापुराने, आणि बँका तडजोडीला तयार नाहीत, अशा माणसासाठी. बाकीच्यांसाठी हप्ते लांबवून घेणं किंवा एकरकमी तडजोड हाच आधीचा दरवाजा. तडजोड तोंडी करू नका. पत्र घ्या, पैसे भरल्यावर ना-देय दाखला घ्या, आणि क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा काही वर्षं राहील हे धरून चाला. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्याच आवारात असतं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि धनको विनापरवाना सावकार असेल तर विषयच निराळा: २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे जा.

त्या हार्डवेअरवाल्यांची यादी आम्ही कालनिर्णयच्या पानामागे लिहिली. बँकेचं कॅश क्रेडिट, माल तारण: नादारीने फरक शून्य. पतसंस्था: साडू जामीनदार. पुरवठादाराचा न वठलेला चेक: लोकअदालत. एका फायनान्स कंपनीचं वैयक्तिक कर्ज, एवढं एकच काय ते नादारीने खरोखर सुटणारं, आणि ते चौघांत सगळ्यात लहान. उठताना ते थोडे घुटमळले. म्हणाले, “वकीलसाहेब, त्या मेसेजमधल्या नंबरवाल्याला पाच हजार ॲडव्हान्स दिलेत. ते परत मिळतील का?”

पावती आहे का विचारलं. नव्हती.