'हेवी लायसन्स आहे, मग परीक्षा कशाला?'

नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीपासून वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांपर्यंत क्रेनच्या धंद्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'ऑपरेटरला हेवी लायसन्स आणि दहा वर्षांचा अनुभव पुरे. आता मशीनमध्येच कॉम्प्युटर असतो, ओव्हरलोड झाला की तोच थांबवतो. मशीनचं थर्ड पार्टी सर्टिफिकेट असलं की साइटला आणखी काही लागत नाही. सक्षमता चाचणी हा पैसे काढायचा धंदा आहे. हाताने तरबेज पण कमी शिकलेल्या माणसाला लेखी परीक्षेत पाडून त्याच्या पोटावर पाय देऊ नका.'

यातलं एक वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. त्याकडे येऊच.

लायसन्सचा मुद्दा लवकर संपतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोबाइल क्रेन 'बांधकाम उपकरण वाहन' या व्याख्येत येते. ते वाहन रस्त्यावर नीट चालवता येतं का, एवढंच आरटीओ बघतो. वाडीहून बुटीबोरीपर्यंत मशीन सुखरूप नेणं वेगळं आणि तिथे सहा टनांची मोटर पाया-बोल्टवर उतरवणं वेगळं. टॉवर क्रेन किंवा शेडमधली, छताखालच्या रुळांवर धावणारी ईओटी क्रेन तर रस्त्यावर येतच नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनी उचलयंत्र चालवणाऱ्याकडून आणि सिग्नल देणाऱ्याकडूनही चार गोष्टी मागितल्या: वय १८ च्या वर, पूर्ण सक्षम आणि भरवशाचा, कामातले धोके जाणणारा, आणि ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी झालेला. हेवी लायसन्स असलं की यातली वयाची अट पूर्ण होते. सक्षमता त्यातून कळत नाही.

अनुभवाचा मुद्दा मात्र नीट सोडवायला हवा, कारण तो ऐकायला सगळ्यात पटतो.

लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येतं त्याचा तक्ता, उघडून बघा. बऱ्याच चार्टमध्ये एक जाड रेघ असते किंवा काही चौकोन गडद केलेले असतात. रेघेच्या एका बाजूचे आकडे क्रेन कधी पलटेल यावरून ठरतात, दुसऱ्या बाजूचे बूम (क्रेनचा लांब हात), पिना, दोर किती सोसतील यावरून. पलटण्याच्या बाजूला चार्ट राखून बोलतो: ज्या वजनाला मशीन खरंच पलटेल, त्याच्या साधारण ७५ ते ८५ टक्क्यांवर, मानकाप्रमाणे, आकडा थांबवलेला असतो. म्हणून तिथे दहा टक्के जास्त उचललं तरी बहुतेक वेळा काही होत नाही. असं वर्षानुवर्षं काही झालं नाही, की 'मागचा जॅक (मशीन टेकवायचा पाय) हलका झाला की कळतंच' हा विश्वास पक्का होतो. पण जवळच्या रेडियसला (रेडियस म्हणजे क्रेन फिरते त्या मध्यापासून हुकापर्यंतचं अंतर), मजबुतीच्या बाजूला, जॅक हलका होतच नाही. तिथे आधी बूम मुडपते किंवा दोर तुटतो, आणि त्याआधी सीटवर बसलेल्याला काहीही जाणवत नाही. दहा वर्षांत सुटून गेलेला प्रत्येक ओव्हरलोड माणसाला चुकीचाच धडा देत असतो. तिरकं ओढायची सवयही अशीच लागते. बूम सरळ खाली लोंबणाऱ्या वजनासाठी बनवलेली असते. आडव्या ओढीला ती फार कमी टिकते, आणि 'चालतंय की' म्हणत रोज तेच केलं जातं.

रेडियसचंही तसंच. सहा टनांचं वजन सहा मीटरवर असेल तर क्रेनवर ३६ टन-मीटरचा भार येतो. ते साडेसात मीटरवर सरकलं की ४५. वजन तेच राहतं, पण आधीच्या सहा मीटरवर साडेसात टन उचलल्यासारखं होतं. वजन उचलताच बूम पुढे झुकते आणि रेडियस वाढतो. तो रिकाम्या हुकावर मोजला असेल तर हिशेब पहिल्या मिनिटालाच चुकलेला असतो. चार्टमधल्या आकड्यातून हुक-ब्लॉक, स्लिंग (वजन बांधायचे पट्टे-दोर), शॅकल (जोडकडी), स्प्रेडर (आडवी दांडी) यांचं वजन वजा करायचं असतं, हेही कित्येक जुन्या हातांना कुणी सांगितलेलं नसतं. चौदा टनांची हायड्रा, म्हणजे वजन उचलून चालत नेणारी पिक-अँड-कॅरी क्रेन, चौदा टन उचलते ती फक्त चार्टच्या पहिल्या ओळीत: बूम आखडलेली, वजन मशीनला चिकटून, मशीन सरळ, जमीन सपाट आणि कडक. कमरेत वळणाऱ्या पिक-अँड-कॅरी मशीनची क्षमता वळताना आणखी घटते.

शिवाय अनुभव कोणत्या मशीनचा? हायड्रावाल्याच्या अंगात 'ब्रेक लावूनच उतरायचं' हे भिनलेलं असतं, आणि ते बरोबर आहे. टॉवर क्रेनवर काम संपलं की स्लू ब्रेक (फिरण्याचा ब्रेक) मोकळा सोडावा लागतो, म्हणजे जिब (वरचा लांब हात) वाऱ्याबरोबर फिरते. तिथे ब्रेक लावून घरी जाणारा माणूस मे महिन्यातल्या संध्याकाळच्या वादळासमोर अख्खी जिब आडवी धरून ठेवतो. म्हणून सक्षमता मशीनच्या प्रकाराप्रमाणे तपासतात. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१८ च्या नियमात आणखी एक फोड केली: प्रकारानुसार, किंवा प्रकार आणि क्षमता दोन्हींनुसार, पाच वर्षांचं प्रमाणपत्र वेगळं, आणि त्या मशीनवर, त्या कामासाठी मालकाने केलेलं मूल्यमापन वेगळं. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

आता कॉम्प्युटर, म्हणजे सेफ लोड इंडिकेटर. ही चांगलीच वस्तू आहे, पण दोर किती फॉलमध्ये (पदरांत) ओवलाय, काउंटरवेट (मागचं समतोलाचं वजन) किती लावलंय, जॅक पूर्ण बाहेर आहेत की अर्धे, हे बऱ्याच मशीनांत ऑपरेटरच भरतो. चार फॉल भरले आणि दोर दोनच फॉलमध्ये असला, तर बूमला वजन झेपेल, दोरावर मात्र हिशेबाच्या दुप्पट ताण येईल आणि पडदा हिरवाच राहील. स्लिंगचा कोनही त्याला कळत नाही. दोन पायांच्या स्लिंगवर चार टन लटकवलं, तर आडव्या रेषेशी ६० अंशांना प्रत्येक पायावर २.३ टन येतात, ४५ अंशांना २.८, आणि ३० अंशांना थेट चार. खलाशाने (वजन बांधणाऱ्याने) आखूड स्लिंग घेतली की हा कोन पडतो. त्यासाठी बघणारा डोळा लागतो.

आणि जमीन. नागपूर जिल्ह्यातल्या काळ्या मातीला पडदा ओळखत नाही. उन्हाळ्यात ती दगडासारखी वाटते, भेगा पडतात. दोन पावसांनंतर तीच जागा जॅक गिळते. एका जॅकवर १५ टन आले आणि त्याची थाळी ४० सेंटिमीटर व्यासाची असली, तर दाब चौरस मीटरला साधारण १२० टन. खाली १.२ मीटर बाय १.२ मीटरची कडक पाटी ठेवली की तोच दाब साडेदहाच्या आसपास येतो. पाटी वाकणारी असेल तर मात्र हा हिशेब लागू होत नाही. प्लायवुडचा तुकडा कडांना उचलला जातो आणि दाब मधेच राहतो. जॅक भरलेल्या खड्ड्यावर, नाल्याच्या काठाला किंवा जुन्या गटाराच्या स्लॅबवर टेकवला, तर पाटीही वाचवत नाही.

'थर्ड पार्टी सर्टिफिकेट आहे' हे उत्तर तर भलत्याच प्रश्नाचं आहे. ते मशीनचं असतं. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ ने उचलयंत्राची, साखळ्या-दोरांची बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सांगितली. बांधकामाच्या त्या १९९८ च्या नियमांतली भारचाचणी वेगळी: २० टनांपर्यंतच्या यंत्राला सुरक्षित भाराहून २५ टक्के जास्त, २० ते ५० टनांना पाच टन जास्त, ५० टनांच्या वर १० टक्के जास्त. म्हणजे चौदा टनांच्या मशीनवर साडेसतरा टन लावतात. हा आकडा बघून काही जण म्हणतात, 'बघा, साडेसतरा उचललं की!' चाचणी कडक जमिनीवर, संथपणे, देखरेखीखाली होते. रोजच्या कामाला ती सूट नव्हे. आणि त्या कागदावर ऑपरेटरचा एका शब्दानेही उल्लेख नसतो.

राहिला लेखी परीक्षेचा मुद्दा. सक्षमता चाचणीत मोठा भाग हाताचा असतो: मशीन सुरू करण्याआधीची तपासणी, जॅक लावून लेव्हल साधणं, हातखुणांवर काम, खांबांमधून वजन न धडकवता नेणं, न झुलवता आखलेल्या वर्तुळात ठेवणं, 'थांब' म्हटल्याक्षणी थांबणं. ज्ञानाचे प्रश्न तोंडी विचारता येतात, मराठीत किंवा हिंदीत. आपल्याकडे इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या चौकटीत आधीच काम येणाऱ्यांसाठी पूर्वज्ञान मान्यतेची वाट आहे. शाळा सोडलेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसवायला ती नाही. फक्त चार्टमधला आकडा वाचणं माफ होऊ शकत नाही. निबंध आला नाही तरी चालेल, पण ३ मीटर बाय २ मीटर, २० सेंटिमीटर जाडीचा आरसीसी स्लॅब तीन टन भरतो (१.२ घनमीटर गुणिले अडीच), हे त्याला काढता आलंच पाहिजे. वजन न विचारता उचलणारा हात तरबेज मानता येत नाही.

आणि आता ते खरं वाक्य. पैसे काढायचा धंदा आहे, हे काही ठिकाणी खरंच आहे. अर्धा दिवस स्लाइड दाखवायच्या, मशीनला हात न लावता फोटो घ्यायचा, संध्याकाळी लॅमिनेट केलेलं कार्ड द्यायचं. असं कार्ड कशाचंच प्रमाण नाही. कार्डावर मशीनचा प्रकार, क्षमतेची मर्यादा, चाचणीची तारीख, मुदत आणि परीक्षकाचं नाव नसेल, तर ते कार्ड मोजू नका. शिकवणारा आणि पास करणारा एकच माणूस असेल तरीही शंका घ्या. ऑपरेटर, खलाशी, सिग्नलमन आणि खुद्द परीक्षक यांच्या सक्षमतेसाठी आयएसओ १५५१३ हे मानक आहे, म्हणजे परीक्षकालाही परीक्षा आहे.

उद्या भाड्याची मशीन गेटवर आली, तर दहा मिनिटं काढा. ऑपरेटरला म्हणा, चार्ट दाखव. आजचं वजन किती, रेडियस किती, हुक आणि स्लिंग वजा करून किती उरतं? दोर कुठे तपासलास, तुटलेल्या तारा कशा मोजल्यास? हुक वर जाऊन बूमच्या टोकाला आदळू नये म्हणून लावलेला स्विच चालवून दाखव. जॅकखाली काय टाकणार? आणि शेवटी: कोणत्या वेळी तू उचलायला नाही म्हणशील? याला 'साहेब, तुम्ही सांगाल तसं' असं उत्तर आलं, तर अर्ध्या दिवसाचं भाडं गेलं तरी दुसरा ऑपरेटर मागवा.