हात बाहेर आला म्हणजे

रावेर-फैजपूर रस्त्यावर ३० वर्षं केळीच्या ट्रकांमागे गाडी चालवलेल्या माणसाला अमेरिकेचे रस्ते काय घाबरवणार? जळगावच्या आरटीओत ४-अ नंबरचा फॉर्म आणि १,००० रुपये भरून वर्षभराचं आंतरराष्ट्रीय परमिट काढलं आणि लेकीकडे न्यू जर्सीला पोचलो.

पहिली फजिती वायपरनं केली. तिकडे गाडी रस्त्याच्या उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे, आणि इंडिकेटरची दांडीसुद्धा डाव्या हाताला. माझ्या मारुतीत ती उजवीकडे. त्यामुळे वळण आलं की उजवा हात आपोआप चालायचा आणि रखरखीत उन्हात वायपर काच पुसू लागायचे. "आबा, पाऊस आला?" मागून नातू.

मग आली चार पाट्यांची चौफुली. चारही बाजूंना लाल, आठ कोनी 'स्टॉप'. आधी येईल तो आधी जाईल, दोघं बरोबरच आले तर उजवीकडच्याचा मान. सिग्नल नाही, पोलीस नाही, कुत्रंसुद्धा नाही. मी वेग कमी केला, दोन्हीकडे पाहिलं, निघालो.

"बाबा, तुम्ही थांबला नाहीत."

"थांबलो की!"

"चाक फिरत होतं."

आता आपल्याकडे चाक फिरत असतानाच माणसं एसटीतून उतरतात, त्यालाच आपण थांबा म्हणतो. पण लेकीपुढे काय बोलणार! पुढच्या चौफुलीवर असा थांबलो, की समोरच्या बाईनं हातानं 'या' म्हटलं. मी म्हटलं, 'नाही, आधी तुम्ही.' तिनं परत 'या'. खान्देशी माणूस पंगतीत पहिला पाटावर बसत नाही, तो रस्त्यात कसा घुसेल? शेवटी आम्ही दोघं एकदमच निघालो आणि एकदमच थांबलो.

खरा घाम फुटला तो पिवळ्या स्कूलबसमागे. बस थांबली, लाल दिवे लुकलुकले आणि ड्रायव्हरच्या बाजूनं एक पाटी बाहेर आली. आमच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या ड्रायव्हरचा हात खिडकीतून बाहेर येऊन हलला, की त्याचा अर्थ एकच: 'रस्ता मोकळा आहे, काढा भाऊ.' ३० वर्षं मी त्या हातावर जीव टाकत आलोय. काढली गाडी बाहेर.

"बाबाऽऽ, ब्रेक!"

पाटीवर 'स्टॉप' लिहिलेलं होतं, हे गाडी थांबल्यावर वाचलं. पोरं चढ-उतार करत असताना मागचाच काय, मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाराही जागच्या जागी थांबतो. बसपुढून दप्तर सावरत एक पोरगी रस्ता ओलांडून गेली. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थांबणारच, हे तिनं धरलेलंच होतं. माझे मात्र पाय नंतर बराच वेळ लटपटत होते. उरलेला महिना मी मागच्या सीटवर नातवाशेजारी काढला.

परत आल्यावर फैजपूरच्या चौकात सवयीनं गाडी थांबवली. पूर्ण, चाकासकट. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मागचा रिक्षावाला उतरून खिडकीशी आला.

"काय भो, गाडी बंद पडली का?"

मी तोंड उघडेपर्यंत चौघांनी मागून धक्का मारायला सुरुवातही केली होती.