सांगलीत 'बाहेरचे' नेमके कोण?

'सांगली जिल्ह्यात पूर्वी सगळे इथलेच होते. आता दर तिसरा माणूस स्थलांतरित आहे, बाहेरच्यांनी लोकसंख्या फुगवली, आपल्या पोरांची कामे घेतली आणि आलेला माणूस परत जात नाही', अशा आशयाचा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेल्यांच्या, खानापूर तालुक्यातही तो तितक्याच हिरिरीने पुढे पाठवला जातो, याचे विशेष आश्चर्य वाटते.

'पूर्वी सगळे इथलेच होते' या विधानाबद्दल फार लिहावे लागू नये. सांगलीचे संस्थानिक पटवर्धन मूळचे कोकणातले, १९१० साली तेव्हाच्या औंध संस्थानातील माळावर, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत, कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून आलेले, आणि मिरजेला ज्यांच्यामुळे गाण्याचे गाव म्हणून मान मिळाला ते अब्दुल करीम खाँ उत्तरेतील कैरान्याचे.

'दर तिसरा माणूस' हा हिशेब मात्र शब्दाच्या अर्थातच फसला आहे. ज्याचे आधीचे राहण्याचे ठिकाण दुसरे होते, त्या प्रत्येकाला जनगणना स्थलांतरित मानते; म्हणजे कडेगावची लेक लग्न होऊन तासगावला नांदायला आली की तीही या आकड्यात जमा होते. २०११ मध्ये देशभरात असे सुमारे ४५ कोटी लोक मोजले गेले, पण राज्याची सीमा ओलांडून आलेले त्यांत साडेपाच कोटींच्या आतच होते.

लोकसंख्या फुगल्याचा दावाही टिकत नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली, सांगलीची ९.२४ आणि शेजारच्या साताऱ्याची अवघी ६.९३ टक्क्यांनी. साताऱ्यात दर हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. हे मुलींवरील मायेचे लक्षण म्हणावे, तर सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण त्याच जिल्ह्यात नऊशेच्याही खाली होते; तेव्हा कर्ते पुरुष पोटासाठी बाहेर गेले, हेच त्यामागचे मोठे कारण दिसते.

कामे घेतल्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यातील माणसे, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पांगली. साताऱ्यातल्या पाटण-जावळीची माणसे मुंबईत गिरणीत आणि माथाडीत गेली. पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी जिथवर आले तिथवर बागायत वाढली. पण छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) अशी द्राक्षबागेतील कामे मोजक्या दिवसांत उरकावी लागतात आणि तेवढी माणसे गावात उरलेली नव्हती. ज्या घरातला मुलगा पुण्याला कंपनीत लागला, त्याच घरच्या बागेत आज बिहारची टोळी काम करते. तिने त्याचे काम घेतले असे म्हणायचे, तर आधी तो ते करायला तयार होता असे दाखवावे लागेल.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. ठेकेदार बाहेरच्या टोळीला कमी दरात राबवतो, तेव्हा गावातल्या मजुराचा, आणि त्याहून अधिक मजूर बाईचा, दर पडतो. परंतु परराज्यातून आणलेल्या मजुराला त्याच कामासाठी स्थानिकाहून कमी मजुरी देता येणार नाही, अशी तरतूद १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यातच होती. ती ठेकेदाराने पाळली नाही, याचा राग मजुरावर काढण्यात काय अर्थ आहे?

राहिला परत न जाण्याचा मुद्दा. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतले कितीतरी कामगार गावी परतले. २०२० च्या टाळेबंदीत परराज्यांतील मजूर इथून आपापल्या गावी गेले आणि त्याच सुमारास गलाईवाले दूरदूरच्या शहरांतून आपल्या घरी आले. निर्बंध उठल्यावर मजूर पुन्हा द्राक्षबागांत आले आणि गलाईवाले पुन्हा आपापल्या भट्ट्यांवर गेले.