मॅनेजर ठेवा, तान्हा पोळा देऊ नका

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीच्या ग्रुपवर तीन आठवड्यांपासून एकच वाद पेटला आहे. अकरा वर्षं सचिवपद ओढणाऱ्या काकांनी हात जोडले आणि कोणीच पुढे येईना. मग तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सुचवलं की कंपनीचा मॅनेजर नेमू. लिफ्ट, टाकी, हिशेब, सणवार, गेटवरचं अ‍ॅप, सगळं तोच पाहील. मेंटेनन्स मात्र हजारानं वाढेल. "काहून? आपण मेलो का?" एका आजोबांनी लिहिलं आणि पुढचं सगळं त्यावरच घसरलं. शेवटी वहिनीचा फोन आला, "भाऊजी, तुम्ही तिकडे हेच काम करता ना? मग सांगा."

करतो. टोरांटोशेजारच्या मिसिसागात २१० फ्लॅटची एक इमारत माझ्याकडे आहे. कॅनडाच्या या ऑन्टॅरिओ प्रांतात २०१७ पासून या कामाला परवाना लागतो. छत, लिफ्ट, पाइप यांच्यासाठी राखीव निधी किती हवा, याचा अभ्यास कायद्यानं सक्तीचा आहे. लिफ्ट बंद पडली की दारोदार वर्गणी मागत फिरण्याची पाळी सहसा येत नाही. एवढं मिळणार असेल तर वहिनी, हजार रुपये खुशाल द्या.

आता दुसरी बाजू. आमच्या वार्षिक सभेला २५ टक्के मालक लागतात, तेही मुखत्यारपत्रं धरून. दोनदा जमले नाहीत तर तिसऱ्या वेळी १५ टक्क्यांवर भागतं. कायदा करणाऱ्यांनाही माणसांचा भरवसा नसावा!

सातव्या मजल्यावरच्या एक आजी मला दर आठवड्याला ईमेल करायच्या, वरचा माणूस रात्री खुर्ची सरकवतो म्हणून. वरच्याची तक्रार यायची, खालून सिगारेटचा धूर येतो. दोन वर्षं मी दोघांना नम्र पत्रं पाठवत राहिलो. एकदा लिफ्टमध्ये दोघं माझ्या दोन बाजूंना उभे होते. हवामानावर बोलले, हसले, आपापल्या मजल्यावर उतरले. एकमेकांना ओळखत नव्हते. मी इतकं चोख काम केलं होतं की त्यांना ओळखायची गरजच पडली नव्हती.

नागपुरात हे घडूच शकत नाही. मे महिन्यात वरच्याच्या कुलरचं पाणी खालच्याच्या कुरडयांवर टपकतं, खालची बाई जिना चढून जाते, दणकून भांडते आणि उतरताना त्यांच्याकडचं कैरीचं लोणचं घेऊन येते.

इथं मीही प्रयत्न केले. एकदा हॉलमध्ये फुकट पॅनकेक ठेवले. लोकांनी प्लेटा भरल्या आणि लिफ्टनं घरी नेल्या. पुढच्या वर्षी मागच्या अंगणात भाजीचे बारा वाफे आखले. बजेटात पाण्याचा पाइप एकच बसला. "माझं झालं, घ्या" म्हणता म्हणता लोक एकमेकांना टोमॅटो देऊ लागले. दुसऱ्या पाइपची मागणी आली, ती मी अजून मंजूर केलेली नाही. (हे मालकांच्या बोर्डाला कळू नये.)

म्हणून माझं मत असं: हिशेब, टाकी, लिफ्ट मॅनेजरला द्या. सणवार देऊ नका, तान्हा पोळा तर मुळीच नाही. त्या दिवशी पोरांच्या सजवलेल्या लाकडी बैलांसाठी पार्किंग मोकळं करायला चोवीस घरांची दारं वाजवावी लागतात, पोरं बोजारा (खाऊचे पैसे) मागायला प्रत्येक घरी जातात. कंपनी हे जास्त नीटनेटकं करेल, आणि तिथंच बिघडेल.

मात्र आपल्या या आपलेपणाचं फार कौतुकही नको. मिहानमध्ये, नागपूरच्या विमानतळाजवळच्या कंपन्यांत, नोकरी करणाऱ्या पोरांना आपण 'बॅचलर' म्हणून फ्लॅट नाकारतो, दिलाच तर ग्रुपवर घेत नाही. सभेत मत इथं कॅनडातही मालकालाच असतं, पण भाडेकरूला इमारतीची सूचनापत्रं मिळतात आणि वाफाही मिळतो. त्या पोरांच्या दारावरही कोणी जाईल का पोळ्याच्या दिवशी?

एवढं सगळं मी वहिनीला लिहून पाठवलं. तासाभरानं उत्तर आलं: "ते सगळं बरोबर आहे. पण काका नाहीत तर औंदा तोरण कोण बांधणार?"