नमस्काराला उत्तर द्या

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत एक तक्रार सारखी कानावर येते: हल्लीची मुलं मोठ्यांना नमस्कार करत नाहीत. मला हे मुळीच पटत नाही. मुलं करतात हो, उत्तर द्यायचं आपण सोडून दिलंय.

परवा लिफ्टमध्ये शेजारची चिमुरडी "नमस्कार आजोबा" म्हणाली. आजोबांनी मोबाईलमधून डोळे वर न करता नुसती मान हलवली. लिफ्ट थांबेपर्यंत पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पुढच्या वेळी ती कशाला बोलेल?

नमस्कार दोघांनी मिळून पुरा करायचा असतो. गुजराती शेजारीण "केम छो" म्हणते ती "मजामां" ऐकायलाच. "अस्सलामु अलैकुम"ला "वालैकुम अस्सलाम" द्यावंच लागतं. टांझानियात स्वाहिली बोलणारी मुलं वडीलधाऱ्यांना "शिकामू" म्हणतात, आणि त्यांनी "माराहाबा" म्हणायचं असा रिवाजच आहे. आपल्याकडेही पाया पडलेल्या पोराला "औक्षवंत हो" म्हटल्याशिवाय आजी सोडत नसे. वारीत तर पाया पडणाऱ्याच्याच पाया पडतात, तिथे वयही बघत नाहीत.

सकाळी कुठल्याही पोह्यांच्या ठेल्यावर उभं राहून बघा. वाफाळते पोहे, वर शेव, कांदा, चिमूटभर जीरावण, ठेलेवाल्याचा हात क्षणभर थांबत नाही. पण मागून कुणी "भिया राम" म्हटलं की "राम राम भिया" आलंच. कुणी "जय जिनेन्द्र" म्हणालं तर त्याला "जय जिनेन्द्र", सिंधी गिऱ्हाइकाला "जय झूलेलाल". ज्याचं त्याला. यात त्याचं काही कमी होत नाही.

मग आपल्यालाच "जय भीम" म्हणताना जीभ का अडखळते? बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, इथल्याच महूचा. हे अभिवादन रुजवलं कामठीच्या बाबू हरदासांनी, म्हणजे मराठी माणसानेच. तरी आपल्या कार्यक्रमांत कुणी "जय भीम" म्हटलं की समोरून मुद्दाम "नमस्कार" येतो, कधी नुसतं ओठांतलं हसू. समोरच्याला ते लगेच कळतं, आणि मला फार वाईट वाटतं. माझ्यादेखत असं झालं की मी मोठ्यांदा "जय भीम" म्हणते, लेकीलाही म्हणायला लावते. कुणाला खटकत असेल तर खटकू दे.